मघाशी सांगितल्याप्रमाणे

रेकॉर्डिंग सुरू होण्याआधीची पहिली सूचना असते, "पंखा बंद करा." पाहुणे आधी पंख्याकडे बघतात, मग आमच्याकडे. बाहेर एप्रिलचं ऊन, डोक्यावर पत्रा, समोर दिवे, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, आणि ही माणसं म्हणतात पंखा बंद करा! पण पर्याय नसतो. आमचा स्टुडिओ म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं खताचं जुनं गोदाम. दोन खुर्च्या, एक टीपॉय, मागे रंगवलेलं फळकूट आणि चार माणसं. एक जण कॅमेरे आणि दिवे बघतो, दुसरा आवाज, तिसरा प्रश्न विचारतो. चौथी ताई चहा आणते, पाहुण्यांना माईक लावते, दारातलं कुत्रं हाकलते आणि कार्यक्रम कंटाळवाणा होतोय हे सगळ्यांत आधी ओळखते.

घरात पंखा चालू असतो तेव्हा तो ऐकू येत नाही असं वाटतं. येत असतो, मेंदू त्याला बाजूला सारून ठेवतो. लग्नाच्या मांडवात बॅंड, भटजी आणि वाढप्यांचा आरडाओरडा एकत्र चालू असताना शेजारी बसलेल्या मामांचं बोलणं आपण बरोबर वेचून घेतो. कॉलिन चेरी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ साली याचा अभ्यास केला, माणसांच्या दोन कानांत दोन वेगवेगळी बोलणी सोडून. या क्षमतेला 'कॉकटेल पार्टी इफेक्ट' म्हणतात. अभ्यास आपल्याकडे झाला असता तर नाव नक्की मांडवावरून पडलं असतं. माईकला मात्र मेंदू नाही. पंखा, फ्रिज, शेजारच्या गिरणीचा पट्टा, दूरवरचा ट्रॅक्टर, सगळं तो सारख्याच इमानाने टिपतो. घरी कार्यक्रम बघणाऱ्याला ती घरघर पाहुण्याच्या शब्दांवर बसलेली ऐकू येते आणि का कोण जाणे, त्याला झोप येऊ लागते.

चित्र जरा खराब असलं तर लोक चालवून घेतात, आवाज खराब असला की चॅनेल बदलतात. म्हणून छोट्या कार्यक्रमाचे पहिले पैसे माईकवर घालावेत, कॅमेऱ्यावर नव्हे. आणि भिंतींवर. रिकाम्या गोदामात बोललेला शब्द भिंतीवर आपटून परत येतो आणि माणूस विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो. यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे अंड्यांचे ट्रे. आम्हीही लावले होते. त्यांनी खोली स्टुडिओसारखी दिसते, ऐकू मात्र तशी येत नाही. पातळ पुठ्ठा आवाज फारसा शोषतच नाही. त्यासाठी जाड, मऊ, धागेदार काहीतरी लागतं. आमच्याकडे त्याला वाकळ म्हणतात. भिंतीपासून चार बोटं पुढे टांगलेल्या पाच वाकळांनी जे काम केलं ते ट्रेंच्या चळतीने केलं नव्हतं. बचत गटाबद्दल बोलायला आलेल्या एका आजींनी कार्यक्रमाआधी उठून त्यातल्या एकीचे टाके तपासले, आणि "हिची दोड हातानं न्हाई घातलेली" असा निकाल देऊन मग खुर्चीत बसल्या.

कॉलरला लावायचा माईक हनुवटीखाली साधारण वीतभर अंतरावर हवा. त्याहून खाली गेला तर छातीचा घुमारा येतो, वर गेला तर हनुवटीच त्याला झाकते. पुरुषांचं जाकीट त्यावर घासतं, बायकांचं मंगळसूत्र त्यावर वाजतं. दर वेळी मान हलली की बारीक खळ्, आणि एडिटिंगच्या वेळी लक्षात येतं की महत्त्वाच्या प्रत्येक वाक्यावर एक खळ् आहे, कारण महत्त्वाचं बोलताना माणूस मान हलवतोच. ताई पदराची एक घडी अशी घालते की मंगळसूत्र आत जातं आणि माईक बाहेर राहतो. कुठल्याही पुस्तकात ही घडी सापडणार नाही.

एवढं झालं की चहा येतो, आणि खरा धोका इथे सुरू होतो.

चहा पिताना पाहुणे मोकळे होतात. मुलाखत घेणारे आमचे सर सहज विचारतात, "मग त्या पुराच्या साली काय झालं होतं?" पाहुणे पाच मिनिटं असं काही सांगतात की कॅमेरावालासुद्धा वायर सोडून ऐकत बसतो. मग दिवे लागतात, कॅमेरा चालू होतो, सर तोच प्रश्न विचारतात आणि पाहुणे म्हणतात, "मघाशी सांगितल्याप्रमाणे..." पुढे दोन वाक्यांत सगळी कहाणी आटोपते. बघणाऱ्याला तर मघाशी काही सांगितलेलंच नसतं!

यात पाहुण्यांची चूक नाही. एकदा मनापासून सांगितलेली गोष्ट लगेच त्याच माणसाला त्याच उत्साहाने पुन्हा सांगणं नटाचं काम आहे. म्हणून आमच्याकडे एक कडक नियम झाला. चहावर विषयाचं बोलायचं नाही. पाऊस, कारखान्याचा दर, नातवाची दहावी, रस्त्यावरचे खड्डे, काहीही चालेल. आदल्या दिवशीच्या फोनवरही आम्ही माहिती विचारतो ती काठाकाठाची: साल कोणतं, गाव कोणतं, सोबत कोण होतं. मधली गोष्ट तशीच झाकून ठेवायची. सरांना नियम पाळणं सगळ्यांत जड जातं, कारण ते मुळात गप्पिष्ट.

आपल्याकडच्या अशा कार्यक्रमांची वंशावळ बघितली तर तिचं एक मूळ दूरदर्शनमध्ये आहे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. त्याच वर्षी तबस्सुम यांचा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' सुरू झाला आणि पुढे वीसेक वर्षं चालला. दुसरं मूळ त्याहून जवळचं आहे, ते म्हणजे प्रकट मुलाखत. व्यासपीठावर दोन खुर्च्या, समोर सभागृह आणि सुधीर गाडगीळांसारखा मुलाखतकार, हा मराठी माणसाच्या ओळखीचा प्रकार. पण प्रकट मुलाखतीत पाहुणा मुळात बोलका आणि प्रसिद्ध असतो. आमच्या गोदामात येतात ते सर्पमित्र, पोस्टमन, कुस्तीचे वस्ताद, बांगड्या भरणाऱ्या मावशी. त्यांची कुणी कधी मुलाखत घेतलेली नसते. म्हणून कॅमेऱ्यासमोर कसं बोलायचं असतं याचा त्यांनी टीव्ही बघून आपापला अंदाज बांधलेला असतो. त्या अंदाजाशी आमची खरी झुंज चालते.

एका गुऱ्हाळावरचे गुळवे तात्या आले होते तेव्हाची गोष्ट. काहिलीत रस उकळत असतो तेव्हा ती कोणत्या क्षणी उतरवायची हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. आधी उतरवली तर काकवी, उशीर झाला तर गूळ काळा. मधला क्षण थोडाच वेळ टिकतो. चाळीस वर्षं तात्यांनी तो क्षण पकडला होता. दिवे लागले. सरांनी विचारलं, "तात्या, गूळ तयार झाला हे कसं ओळखता?" तात्या ताठ बसले, घसा खाकरला आणि म्हणाले, "सर्वप्रथम मी आपल्या चॅनेलचे आभार मानतो. गूळ हा आरोग्यास अत्यंत उपयुक्त असून, उसाच्या रसावर प्रक्रिया करून त्याची निर्मिती केली जाते."

चहाच्या वेळी हाच माणूस 'लई', 'व्हय', 'बघा की' असं बोलत होता. लाल दिवा लागला आणि 'व्हय'चं 'होय' झालं. तेवढ्याने काही बिघडलं नसतं. पण बोलीबरोबर कामाचे शब्दही जातात आणि शब्दांबरोबर ज्ञान जातं. तात्यांचं सगळं शहाणपण चुलवाण, मळी, भेंडीचं पाणी, वाफा, ढेप या शब्दांत साठवलेलं. टीव्हीवर हे शब्द शोभणार नाहीत असं वाटून त्यांनी ते बाहेर चपलांपाशी ठेवले आणि आत फक्त 'प्रक्रिया' आणली. 'प्रक्रिया' हा शब्द मला तेव्हापासून आवडत नाही. ज्याला काही सांगायचं नाही त्यालाही तो वापरता येतो आणि ज्याला सगळं माहीत आहे त्याचंही तोंड तो बंद करतो.

"तुमच्या भाषेत बोला" असं सांगून काही होत नाही. उलट माणूस आणखी अवघडतो. आपली भाषा 'तुमची' आहे, म्हणजे वेगळी आहे, हे त्याला तेव्हाच कळतं. त्यापेक्षा सरांनीच आपलं प्राध्यापकी मराठी सोडावं आणि पहिला प्रश्न हाताच्या कामाचा विचारावा. "काय वाटतं?" याऐवजी "सकाळी चुलवाण किती वाजता पेटतं?" असा. वेळ सांगताना कुणाला भाषण करता येत नाही.

दुसरं औषध गप्प बसणं. दोन माणसांच्या बोलण्यात एकाचं संपल्यावर दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. जगातल्या दहा वेगवेगळ्या भाषा तपासून २००९ साली संशोधकांनी हे मांडलं. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण आपलं वाक्य जुळवत असतो. मुलाखतकाराने नेमकी हीच सवय मोडायची. उत्तर संपलं असं वाटलं की मनात तीन आकडे मोजायचे. पाहुण्याला ती शांतता टोचते आणि तो पुढे बोलतो. त्या पुढच्यात बहुधा काहीतरी असतं. अडचण आहे ती हुंकाराची. गोष्ट ऐकताना "हं, हं" म्हणायचं हे आपल्याला आजीनेच शिकवलेलं. हुंकार थांबला तर सांगणारा थांबतो. पण माईकवर सरांचे "हं... बरोबर... अच्छा" पाहुण्याच्या शब्दांवर चढतात आणि नंतर वेगळे करता येत नाहीत. सर आता मान हलवून हुंकार देतात. त्यांच्या घरचे सांगतात की घरीही तसंच चालतं आणि भांडणात ते फार त्रासदायक होतं.

कॅमेऱ्यांचं गणित तुलनेने सोपं आहे. दोन खुर्च्यांमध्ये कबड्डीच्या मैदानासारखी मधली रेषा आहे असं समजायचं आणि सगळे कॅमेरे तिच्या एकाच बाजूला ठेवायचे. एखादा पलीकडे गेला की पडद्यावर दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात, जणू दोघं मिळून तिसऱ्याच कुणाशी बोलताहेत. दिव्यांचं मात्र एक भूत आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे जुन्या ट्यूबलाईटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. मोबाईलचं चित्रीकरण बहुधा सेकंदाला ३० चित्रांवर लावलेलं असतं. हे ६० आवर्तनांच्या देशांच्या सोयीचं. तसंच ठेवलं तर भिंतीवर काळसर पट्टे सरकत राहतात. २५ चित्रं आणि शटर एक पन्नासांश केलं की भूत उतरतं. राहता राहिला पुढाऱ्यांचा पांढरा शुभ्र शर्ट, त्याच्यावर उपाय नाही. शर्ट बघून उजेड ठरवला तर चेहरा काळा पडतो, चेहरा बघून ठरवला तर शर्टाचा ट्यूबलाईट होतो.

पुढारी आले की पैशाचा विषय आलाच. छोट्या कार्यक्रमाचं हे दुखणं कुणी उघड बोलत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. केबलच्या काळात कार्यक्रम चालायचा तो वाढदिवसाच्या शुभेच्छांवर, सराफांच्या आणि शिकवण्यांच्या जाहिरातींवर. (१९९५च्या केबल कायद्याने केबलवाल्याची नोंदणी ठेवली होती मुख्य टपाल कार्यालयात, त्यामुळे आमच्या टीव्हीचा जन्मदाखला पोस्टाचा.) २०१२ ते २०१७ या काळात केबल टप्प्याटप्प्याने डिजिटल झालं, गावातल्या केबलवाल्याच्या हातातली कळ मोठ्या कंपन्यांकडे गेली आणि आम्ही यूट्यूबवर आलो. तिथे जाहिरातीचे पैसे इतके किरकोळ मिळतात की दुसरा रस्ता खुणावू लागतो: मुलाखतच विकायची. अमुक रकमेत वीस मिनिटं, प्रश्न तुमचे, फुलांचा गुच्छ आमचा.

डॉक्टरांच्या बाबतीत हे सगळ्यांत सफाईने चालतं. वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या आचारनियमांनुसार डॉक्टरांना स्वतःची जाहिरात करता येत नाही. म्हणून जाहिरातीची मुलाखत होते. "डॉक्टरसाहेब, गुडघेदुखीसाठी आपल्याकडे कोणती अत्याधुनिक सोय उपलब्ध आहे?" हा प्रश्न कुठल्याही रुग्णाने आजवर विचारलेला नाही. मधुमेह मुळापासून बरा करतो म्हणणारे तर त्याहून पुढचे. तशा जाहिरातींवर १९५४च्या कायद्यानेच बंदी आहे, तरी ते फोन करतात आणि गुच्छाचेही पैसे देऊ करतात. निवडणूक आली की आणखी निराळं. लोकसभा-विधानसभेचं मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत टीव्हीवर प्रचाराचं काही दाखवता येत नाही आणि उमेदवाराची जाहिरात आधी समितीकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. पण मुलाखतीच्या वेषात आलेली जाहिरात ओळखायची कुणी? मतदार ओळखतात. "तुमचं किती ठरलं?" असं आम्हाला भाजीबाजारात तोंडावर विचारलेलं आहे.

आम्ही एकच रेघ ओढली. जो प्रायोजक तो त्या भागात पाहुणा नाही, आणि जो पाहुणा त्याच्याकडून चहासुद्धा नाही. त्यामुळे दोन वर्षं कॅमेरा बदलता आला नाही. ही फुशारकी नाही. त्या जुन्या कॅमेऱ्यामुळे पुढे काय झालं ते सांगायचं आहे म्हणून लिहितो.

त्याआधी आणखी एक. मोठ्या शहरातल्या वाहिनीवर चेहरा धूसर केला की माणूस लपतो. तालुक्याच्या गावात तो आवाजावरून, हातातल्या कड्यावरून, 'आमच्या वरच्या आळीत' एवढ्या तीन शब्दांवरून ओळखला जातो. अत्याचार झालेल्या मुलाबद्दल पॉक्सो कायदा फक्त नाव लपवा म्हणत नाही. शाळा, शेजार, कुटुंब, ओळख पटेल असं काहीच बाहेर येता कामा नये असं सांगतो. आम्ही असे विषय घेतो तेव्हा समोर वकील किंवा समुपदेशक असतात. कितीही धूसर करून, त्या घरातलं माणूस कधीच नाही.

रेकॉर्डिंग सुरू करताना ताई मध्ये येऊन एक टाळी वाजवते. पाहुण्यांना वाटतं कौतुक चाललंय. ती टाळी सगळ्या कॅमेऱ्यांत दिसते आणि आवाजाच्या वेगळ्या यंत्रात ऐकू येते, त्यावरून नंतर चित्र आणि आवाज जुळवतात. दोन्हींत थोडा फरक चालतो, पण दोन्ही बाजूंना सारखा नाही. आवाज चित्राच्या मागे राहिला तर साधारण १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. पुढे धावला तर ४५ मिलिसेकंदांतच खटकतं. ओढ्यापलीकडे धुणं आपटणारी बाई आठवा. हात आधी दिसतो, आवाज मागून येतो. निसर्गात आवाज कधीच पुढे नसतो, म्हणून पुढे गेलेला आवाज मेंदूला खोटा वाटतो. एक तासाच्या मुलाखतीचं चांगल्या प्रतीचं चित्रण एका कॅमेऱ्याचं ४५ जीबीपर्यंत जातं. ते सगळं बघून, जुळवून, कापून तीस मिनिटं काढायची, यात दोन रात्री जातात.

तात्यांच्या मुलाखतीत कापण्यासारखंही काही नव्हतं. अर्धा तास 'प्रक्रिया' आणि 'निर्मिती' चालू होतं. तीन आकडे मोजून झाले, हाताच्या कामाचे प्रश्न झाले, तात्या जाग्यावरून हलेनात. तिसरा कॅमेरा म्हणजे माझा मोबाईल, तो पंख्याविना तापून आधीच बंद पडला होता. सर हताश होऊन म्हणाले, "चहा घेऊ." ताईने चहा आणला तो गुळाचा, आणि बशीत सोबत गुळाचा एक खडा. तात्यांनी तो उचलला, मोडला, मोडलेली बाजू उजेडाकडे धरली आणि त्यांचा चेहराच बदलला.

"ह्यो कुठनं आणला? ह्यात साखर हाय! कण बघा कसा चमकतोय."

नेमक्या त्याच वेळी दोन्ही कॅमेऱ्यांचे लाल दिवे विझले. आमचे कॅमेरे जुने, मुळात फोटोचे. अशा कॅमेऱ्यांचं चित्रीकरण २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतं, कारण तीस मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ चित्रीकरण करणारं यंत्र युरोपच्या जकातीच्या नियमांत व्हिडिओ कॅमेरा ठरायचं आणि त्यावर कर जास्त बसायचा. तो कर वाचवायला कंपन्यांनी कॅमेराच एक सेकंद आधी थांबवला. युरोपातल्या जकातनाक्याचा हिशोब असा आमच्या खताच्या गोदामात येऊन पोचला.

कॅमेरावाल्याचा हात बटणाकडे गेला. सरांनी डोळ्यांनीच त्याला नको म्हटलं. बटण दाबलं की टिक वाजणार, लाल दिवा लागणार आणि तात्या परत आभार मानायला लागणार. आवाजाचं यंत्र मात्र चालू होतं. पंखा बंदच होता. पुढची अकरा मिनिटं तात्या बोलले. साखर घालून गूळ कसा बनवतात, भेंडीचं पाणी घातल्यावर मळी कशी वर येते, चिपाडं ओली असली की चुलवाण कसं रुसतं. आणि काहिल कधी उतरवायची ते: पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचा, बोटांनी गोळी वळायची आणि भांड्याच्या काठावर मारायची. "टण वाजली की समजायचं आलं. बद् वाजली तर अजून थांबा." थर्मामीटर लावला तर तो त्या क्षणी ११८ अंशांच्या आसपास असतो. तात्यांनी थर्मामीटर कधी वापरलेला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही गुऱ्हाळावर गेलो आणि काहिल, वाफ, ढेपा, त्यांचे हात असं चित्रण करून आणलं. त्यावर ती अकरा मिनिटं बसवली. सुरुवातीला नाव सांगताना तेवढा चेहरा ठेवला, बाकी अर्धा तास गाळला. भाग प्रसिद्ध झाला त्या रात्री तात्यांचा फोन आला.

"सर, झ्याक झालंय बघा. पोरं परत परत लावत्यात. पर माझं त्वांड कुठं दिसलंच न्हाई की वो. शर्ट मुद्दाम नवा शिवला हुता."